शेजारधर्म आणि साखरेचा व्यापार

दिवाळीचे दिवे विझून आठ-पंधरा दिवस लोटले, कीं बीड जिल्ह्यांतील बालाघाटाच्या डोंगरपट्टींत एक विलक्षण शांतता पसरूं लागते. पाटोदा, शिरूर, आष्टी, धारूर, केज, वडवणी या तालुक्यांतील कित्येक गांवांत घरांना कुलुपें लागतात. ओट्यावर एखादी म्हातारी व तिच्या हवालीं केलेलीं दोन नातवंडें एवढींच काय तीं मागें राहतात. बाकीचें गांव मालमोटारी, ट्रॅक्टर आणि बैलगाड्या यांत बसून सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणें, सोलापूर, अहिल्यानगर यांकडे, क्वचित् कर्नाटकांत बेळगांवापर्यंतही, उंसाच्या फडावर निघून जातें, व होळी-पाडव्याच्या सुमारास परत येतें. मधल्या चार-पांच महिन्यांत हीं माणसें जो ऊंस तोडतात, त्याची साखर शहरांतील घराघरांत सकाळच्या चहांत विरघळते, मिठाईवाल्याच्या कढईंत पडते, आणि जगप्रसिद्ध कंपन्यांच्या शीतपेयांच्या बाटल्यांतही जाते.

या मोठ्या कंपन्यांपैकीं बहुतेकींनीं आपल्या व्यापाराची एक आचारसंहिता छापून प्रसिद्ध केलेली आहे. आम्हांस माल पुरविणाऱ्यानें वेठबिगार ठेवूं नये, मुलांकडून काम करवून घेऊं नये, मजुराला कर्जांत अडकवूं नये, त्याच्या आरोग्यास अपाय होईल असें वागूं नये, अशा अर्थाचीं कलमें तींत असतात. भाषा वकिली असते; देवाचें नांव तींत कोठेंही नसतें. तथापि या कलमांचा वंश शोधीत मागें गेलें, तर तो थेट ख्रिस्ती नीतिविचारापाशीं जाऊन पोंचतो. आणि नवलाची गोष्ट अशी कीं, त्या विचाराची व्यापाराशीं पहिली मोठी झुंज झाली ती साखरेवरूनच. बीड जिल्ह्यांत ख्रिस्ती वस्ती अगदीं थोडी आहे. तेव्हां तेथील फडावरचा कोयता आणि ख्रिस्ती नीति यांचा संबंध काय, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत येणें साहजिक आहे. तो संबंध देवळाच्या मार्गानें आलेला नाहीं, बाजाराच्या मार्गानें आलेला आहे.

प्रथम फडावरील व्यवहार नीट समजून घेतला पाहिजे. येथें मजुरांची गणना माणशीं होत नाहीं. ती कोयत्यावर होते. एक कोयता म्हणजे एक नवरा व एक बायको. नवरा ऊंस तोडतो, बायको पाचट सोलून मोळ्या बांधते, आणि डोक्यावरून त्या गाडींत नेऊन टाकते. काम कोण कोणतें करील याची वांटणी टोळीटोळींत थोडीफार बदलते. हंगामापूर्वींच, पावसाळ्यांत घरांतील दाणा संपत आलेला असतां, मुकादम जोडप्याला एक रकम देतो. हिला उचल म्हणतात. अलीकडे ती पन्नास हजारांपासून लाखापर्यंत, प्रसंगीं त्याहूनही अधिक असते. ती मुलीच्या लग्नांत, दवाखान्यांत, मागील देण्यांत खर्ची पडते, आणि मग हंगामभर टनावारी काम करून फेडावी लागते. एखादा दिवस काम चुकलें तर त्याला खाडा म्हणतात, आणि खाड्याबद्दल दंड बसतो. राहण्यास उसाच्या पाचटाची वा ताडपत्रीची कोप; पाणी जेथें मिळेल तेथें; आणि गाडी रात्रीं दोन वाजतां भरावयाची असेल तर दोन वाजतां उठावयाचें.

हिशेब करून पाहिला तर गोष्ट अधिक स्पष्ट होते. जानेवारी 2024 मध्यें तोडणीच्या दरांत 34 टक्क्यांची वाढ करण्याचें ठरलें, व दर टनास सुमारें 366 रुपयांवर गेला. एक जोडपें दिवसाकांठीं दीड-दोन टन ऊंस तोडतें. म्हणजे दोन माणसांची मिळून दिवसाची कमाई साडेपांचशें ते सव्वासातशें रुपये. उचल लाखाची असेल तर ती फिटण्यास 273 टन ऊंस तोडला पाहिजे. रोज न चुकतां दोन टन तोडला तर 137 दिवस लागतील. दीड टन तोडला तर 182. पावसानें दगा दिला, ऊंस कमी पडला, तर गाळपाचा सारा हंगामच शंभर दिवसांच्या आसपास आटोपतो. अर्थात् उरलेली बाकी पुढील सालावर जाते, आणि पुढील सालीं पुनः त्याच मुकादमाच्या गाडींत बसण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. वाढें विकून चार पैसे येतात, तेवढाच रोजच्या मीठ-मिरचीला आधार.

या खाड्याच्या भीतीनें कोठवर मजल गेली तें 2019 सालीं उघड झालें. बीड जिल्ह्यांत ऊंस तोडणाऱ्या, तिशीच्या आसपासच्या स्त्रियांचीं गर्भाशयें शस्त्रक्रिया करून काढून टाकण्यांत येत असल्याच्या बातम्या त्या वर्षीं प्रसिद्ध झाल्या. विधिमंडळांत सरकारनें सांगितलें कीं, तीन वर्षांत जिल्ह्यांतील खाजगी रुग्णालयांतून अशा 4,605 शस्त्रक्रिया झाल्या. पुढें डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीच्या वेळीं जी पाहणी झाली, तींत 82,309 ऊंसतोड स्त्रियांपैकीं 13,861 जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. म्हणजे सहा जणींमागें एक. यांतील प्रत्येक शस्त्रक्रिया मुकादमानें करविली असें कोणीही म्हणत नाहीं. अस्वच्छ जागीं राहिल्यामुळें होणारे विकार, कर्करोगाची घातलेली भीति, पैशाच्या लोभानें दिलेला वैद्यकीय सल्ला, आणि महिन्यांतील तीन-चार दिवसांचे खाडे पुनः परवडणार नाहींत हा घरचा हिशेब, अशा अनेक गोष्टी एकत्र आल्या. शस्त्रक्रियेचा खर्च भागविण्यास बहुधा आणखी उचलच घ्यावी लागे, हें यांतील सर्वांत क्रूर होय.

आतां ख्रिस्ती नीतिशास्त्राकडे वळावयाचें. त्याचा पाया ज्यू लोकांच्या जुन्या नियमशास्त्रांत आहे. त्यांत मजुरीविषयीं एक अगदीं साधा नियम घातलेला आहे: मजुराचे पैसे त्याच दिवशीं, सूर्य मावळण्यापूर्वीं चुकते करावे, मग तो आपल्या जातीचा असो कीं परका असो. त्याच ग्रंथांत दुसरीही एक आज्ञा आहे कीं, कोणाचें जातें गहाण घेऊं नये. कारण जातें नेणें म्हणजे त्याचें जगणेंच नेणें होय. पुढें नव्या करारांतील याकोबाच्या पत्रांत, शेतें कापणाऱ्यांची मजुरी अडवून ठेवणाऱ्या धनिकांवर जी तीव्र टीका केलेली आहे, ती वाचतांना फडावरचें चित्र डोळ्यांपुढें आल्याखेरीज राहत नाहीं. येशूच्या दाखल्यांपैकीं द्राक्षमळ्याचा दाखला तर पुष्कळांस ठाऊक असेल. दिवस मावळतां मावळतां कामावर आलेल्या मजुरालाही मालक दिवसभराची मजुरी देतो. कारण त्याच्याही घरीं चूल पेटावयाची असते.

येथें एक मौजेची अडचण उभी राहते. शास्त्राचा सारा कटाक्ष मजुरी उशिरां देण्यावर आहे. बीडच्या मजुराला तर ती काम करण्याच्या आधीं चार महिने मिळते! मग दोष कोणता? शब्दांवर बोट ठेवणारा मनुष्य म्हणेल कीं दोष नाहींच. परंतु सूर्यास्ताच्या नियमाचा हेतु असा दिसतो कीं, संध्याकाळीं मालक व मजूर या दोघांनीं एकमेकांपासून मोकळें व्हावें. दुसऱ्या दिवशीं पुनः यावें वाटलें तर यावें, न वाटलें तर येऊं नये. उचलीच्या व्यवहारांत ही संध्याकाळच होत नाहीं. आणि गहाण काय पडतें, तर घरांतील जातें नव्हे, दोन माणसांचे हातपाय.

हे विचार ग्रंथांत होते, पण व्यापाऱ्याच्या दुकानांत शिरावयास त्यांना फार काळ लागला. इतकेंच नव्हे, तर स्वतः चर्चही कित्येक शतकें त्यांच्या उलट वागत आलें. वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर कॉड्रिंग्टन नांवाचे उंसाचे मळे होते. 1710 सालीं त्यांचा मालक मरण पावला, व मृत्युपत्रानें ते मळे गुलामांसह इंग्लंडांतील एका धर्मप्रसारक संस्थेला मिळाले. संस्थेनें ते शंभरांहून अधिक वर्षें चालविले. आरंभीं कांहीं काळ तेथील गुलामांच्या अंगावर तापल्या लोखंडानें संस्थेच्या नांवाचा डाग देत असत. या पापाची जाहीर कबुली इंग्लंडच्या चर्चनें 2006 सालीं दिली. व्यापाऱ्यांना नीति शिकविणाऱ्यांचे स्वतःचे हात याच साखरेनें चिकट झालेले होते, हें विसरतां कामा नये.

उलट वारा सुटला तो 1791 सालीं. त्या वर्षीं ब्रिटिश पार्लमेंटानें गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव फेटाळून लावला. तेव्हां विल्यम फॉक्स नांवाच्या एका पुस्तकविक्रेत्यानें लहानसें पत्रक छापून लोकांना सांगितलें कीं, पार्लमेंट ऐकत नसेल तर साखर खाणें सोडा. त्याचा मुद्दा असा होता कीं, चोरीचा माल घेणारा चोराचा भागीदार असतो; म्हणून गुलामानें पिकविलेली साखर विकत घेणारा मनुष्य मळेवाल्याइतकाच दोषी आहे. हा विचार त्या काळीं अगदीं नवा होता. तोंवर पाप हें प्रत्यक्ष करणाऱ्याचें मानीत. आतां तें हजारों मैलांवरील चहाच्या पेल्यापर्यंत येऊन पोंचलें. थॉमस क्लार्कसन या चळवळ्या गृहस्थाच्या अंदाजाप्रमाणें सुमारें तीन लाख माणसांनीं साखर सोडली. त्यांत मोठा वांटा घरांतील बायकांचा होता, कारण वाण्याकडील यादी त्यांच्या हातीं असे.

साखर सोडणाऱ्यांत एक मनुष्य असा होता कीं, त्याचें नांव मराठी वाचकांना दुसऱ्याच कारणानें परिचित आहे. तो विल्यम केरी. व्यवसायानें चांभार, धर्मानें बॅप्टिस्ट. 1792 च्या आपल्या पुस्तिकेंत त्यानें सुचविलें कीं, वेस्ट इंडीजची साखर सोडून वांचलेले पैसे लोकांनीं धर्मकार्यास द्यावे. पुढल्याच वर्षीं तो बंगालकडे निघाला, आणि श्रीरामपूर व कलकत्ता येथें बसून त्यानें 1805 सालीं मराठीचें व्याकरण व 1810 सालीं मराठी-इंग्रजी कोश छापला. छापील मराठी गद्याच्या आरंभीं उभा असलेला हा मनुष्य साखरेवर बहिष्कार घालणारांपैकीं असावा, हा योगायोग मोठा चमत्कारिक खरा.

त्याहून चमत्कारिक गोष्ट पुढेंच आहे. 1820 नंतर ही चळवळ पुनः उचल खाऊं लागली, तेव्हां इंग्लंडांत चिनी मातीचीं साखरदाणीं विकावयास आलीं. त्यांवर, आंतील साखर गुलामांनीं केलेली नसून ईस्ट इंडीजची, म्हणजे हिंदुस्थानची आहे, अशी ग्वाही लिहिलेली असे. हिंदुस्थानची साखर ही त्या काळीं शुद्ध मनाची साखर समजली जात होती! लिव्हरपूलचा जेम्स क्रॉपर हा क्वेकर व्यापारी या साखरेचा मोठा पुरस्कर्ता होता. आणि तो स्वतःच ती आयात करीत असल्यामुळें, याचा धर्म त्याच्या नफ्याच्या पाठोपाठ चालतो, असा टोमणा प्रतिपक्षानें त्याला मारला. टोमणा सर्वस्वीं खोटा नव्हता, सर्वस्वीं खराही नव्हता. व्यापारी माणसाची नीति बहुधा अशाच मिश्र धातूची असते, आणि ती मिश्र आहे एवढ्यावरून टाकाऊ ठरत नाहीं. साखरेच्या गुलामगिरीविरुद्ध ब्रिटिश कायदा शेवटीं 1833 सालीं झाला.

क्वेकर पंथीयांबद्दल दोन शब्द अधिक सांगणें जरूर आहे. त्यांना इंग्लंडांत विद्यापीठांचीं व सरकारी नोकरीचीं दारें बंद असल्यामुळें ते व्यापारांत शिरले. दुकानांत घासाघीस न करितां सर्वांना एकच किंमत सांगावयाची, ही त्यांची रीत त्या काळीं विक्षिप्तपणाची वाटे. पुढें तीच जगाची रीत झाली. बर्मिंगहॅमचे कॅडबरी याच पंथाचे. कामगारांसाठीं बागा, खेळाचीं मैदानें व घरें यांनीं युक्त असा त्यांचा बोर्नव्हिलचा कारखाना सर्वत्र वाखाणला गेला होता. 1901 सालीं या घराण्यांतील विल्यम कॅडबरी याच्या कानीं आलें कीं, पोर्तुगालच्या ताब्यांतील साओ टोमे बेटावरून आपण जो कोको घेतों, तो मजुरांना धरून आणून पिकविला जातो. तेथील एका मळ्याच्या विक्रीच्या यादींत मजुरांचीही किंमत मांडलेली होती. कंपनीनें चौकशी सुरू केली. 1905 सालीं जोसेफ बर्ट याला तिकडे पाठविलें, लिस्बन व लंडन येथील सरकारांशीं पत्रव्यवहार केला, आणि 1909 च्या मार्च महिन्यांत खरेदी थांबविली. मधल्या आठ वर्षांत खरेदी चालूच होती. यावर स्टँडर्ड या वृत्तपत्रानें ढोंगीपणाचा आरोप केला. कंपनीनें अब्रुनुकसानीचा दावा लावला. आणि ज्यूरीनें निकाल कंपनीच्या बाजूनें देऊन नुकसानभरपाई एक फार्दिंग, म्हणजे एक चतुर्थांश पेनी, ठरविली! दाव्याचा जय व नीतीची छीःथू एकाच निकालांत करण्याचें असें चातुर्य क्वचितच दिसतें. कंपनीची बाजू अशी होती कीं, खरेदी एकदम सोडली तर बोलण्याचा अधिकारच जातो. आंत राहून दबाव आणावा हें बरें. आजही मोठ्या कंपन्या हेंच उत्तर देतात, आणि तें किती वर्षें देतां येतें हा आजही वादाचा विषय आहे.

रोमन कॅथलिक पंथानें हा प्रश्न निराळ्या बाजूनें सोडविला. 1891 सालीं पोप तेरावे लिओ यांनीं रेरम नोव्हारम हें प्रसिद्ध परिपत्र काढलें. मालक व मजूर यांनीं राजीखुषीनें दर ठरविला म्हणजे तो न्याय्य झाला, हें त्या काळच्या अर्थशास्त्राचें मत त्यांनीं मान्य केलें नाहीं. गरजेच्या वा भीतीच्या पोटीं मनुष्यानें एखादी वाईट अट कबूल केली, तर ती संमति नव्हे, ती बळजबरी होय, असें त्यांचें प्रतिपादन आहे. उचल कोणी जबरदस्तीनें कोणाच्या खिशांत घालीत नाहीं, मजूर ती आपण होऊन मागतो, हा जो युक्तिवाद साखरपट्ट्यांत नेहमीं ऐकूं येतो, त्याचें उत्तर या विधानांत आहे. भारतीय कायद्याचीही दिशा तीच आहे. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानें आगाऊ रकमेपोटीं माणसाला कामास बांधून ठेवणें हा गुन्हा ठरविला.

पुढें 1981 सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं आणखी एक कल्पना मांडली. तिला अप्रत्यक्ष मालक असें म्हणतां येईल. मजुराला कामावर घेणारा तो प्रत्यक्ष मालक; परंतु ज्यांच्या निर्णयांनीं त्याच्या मजुरीचा व कामाच्या अटींचा सांचा आधींच ठरून जातो, ते कायदे, त्या संस्था, ते बडे खरेदीदार, हे सर्व अप्रत्यक्ष मालक होत, आणि जबाबदारीचा वांटा त्यांच्याही माथीं येतो. फडावरील व्यवहारास ही कल्पना जितकी लागू पडते, तितकी क्वचितच दुसरीकडे पडत असेल. शेतकरी म्हणतो, तोडणीची टोळी कारखान्यानें पाठविली. कारखाना म्हणतो, आमचा करार तोडणी-वाहतूकदाराशीं व मुकादमाशीं. मजूर आमचा नव्हे. मुकादम म्हणतो, मीहि कर्ज काढून उचल वांटली. कोयता पळून गेला तर मी बुडतों. आणि मुकादमाचें हें म्हणणें पुष्कळदां खरें असतें. उंसाच्या किंमतीविषयीं 1966 चा केंद्रीय हुकूम असा आहे कीं, शेतकऱ्याचे पैसे चौदा दिवसांत द्यावे, न दिल्यास सालीना पंधरा टक्के व्याज द्यावें. सूर्यास्ताच्या नियमाचीच ही नवी आवृत्ति म्हटली तरी चालेल. पण ती ऊंस पिकविणाऱ्यापुरती. तोडणाऱ्याचें नांव तींत नाहीं.

याच ठिकाणीं महाराष्ट्राच्या सहकाराचा विचार केला पाहिजे. कारण त्याच्याही मुळाशीं, पुष्कळांस ठाऊक नसलेला, एक ख्रिस्ती धागा आहे. जर्मनींतील र्‍हाइन प्रांतांत फ्रीडरिश रायफायझन नांवाचा एक खेड्यांतील मेयर होता. 1846-47 च्या दुष्काळांत सावकारांच्या हातीं सांपडलेले शेतकरी पाहून त्यानें धान्याची, व पुढें 1864 सालीं हेडेसडॉर्फ येथें कर्जाची सहकारी संस्था काढली. शेजाऱ्यावर प्रीति करा या आज्ञेचा हा व्यावहारिक अर्थ आहे, असें तो उघड सांगत असे. त्याच्या संस्था एका गांवापुरत्या, एका चर्चच्या वस्तीपुरत्या असत. सर्वांनीं सर्वांच्या कर्जाची हमी घ्यावयाची. मद्रास सरकारनें फ्रेडरिक निकल्सन यांस याच पद्धतीचा अभ्यास करण्यास नेमलें. 1895 व 1897 सालीं त्यांचा अहवाल निघाला. त्यांतून 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्या वाटेनें पुढें विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनीं प्रवरेच्या कांठीं सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि 1950 च्या अखेरीस त्याचें गाळप सुरू झालें. सावकाराच्या तावडींतून कुणबी सुटला, हें या चळवळीचें यश लहान नाहीं.

परंतु सहकारी कारखान्याचा सभासद तोच, ज्याच्या शेतांत ऊंस आहे. कोयता घेऊन येणारा मनुष्य सभासद नव्हे. सावकाराच्या उचलीपासून एका शेतकऱ्याला सोडविणारी संस्था दुसऱ्या, पाणी नसलेल्या शेतकऱ्याला उचलीवर राबवूं लागली. कारण बीडचा मजूर हाही बहुधा दोन-चार एकर कोरडवाहूचा धनीच असतो. रायफायझनचा शेजारी वेशीच्या आंतील होता, ओळखीचा होता. येशूच्या दाखल्यांतील शेजारी मात्र वेशीबाहेर, वाटेवर जखमी होऊन पडलेला, व मदत करणारा शोमरोनी हा तर परक्या, तिरस्कृत जातीचा. या दोन शेजाऱ्यांत जें अंतर आहे, तेंच प्रवरेच्या पाटापासून बालाघाटाच्या माळापर्यंतचें अंतर होय.

आजच्या कंपन्यांच्या आचारसंहितेचा जन्म अमेरिकेंत झाला. 1971 सालीं तेथील एपिस्कोपल चर्चनें, आपल्याजवळ जनरल मोटर्सचे भाग आहेत या नात्यानें, दक्षिण आफ्रिकेंतील वर्णद्वेषी राज्यांतून कंपनीनें निघून यावें असा ठराव भागीदारांच्या सभेपुढें मांडला. ठराव पडला. त्याच वर्षीं लिऑन सलिव्हन हे फिलाडेल्फियाचे बॅप्टिस्ट धर्मोपदेशक त्या कंपनीच्या संचालक मंडळावर आले, आणि 1977 सालीं त्यांनीं दक्षिण आफ्रिकेंत धंदा करणाऱ्या कंपन्यांसाठीं नियमावली तयार केली: एकाच कामाला एकच पगार, गोऱ्या-काळ्यांना एकच उपाहारगृह, इत्यादि. कंपन्यांनीं सह्या केल्या, अहवाल छापले. दहा वर्षें वाट पाहून 1987 सालीं सलिव्हन यांनीं स्वतःच जाहीर केलें कीं, नियमावलीनें मूळ अन्याय हलला नाहीं; आतां कंपन्यांनीं तेथून निघावें. आपणच लिहिलेल्या संहितेच्या अपुरेपणाची अशी कबुली देणारा मनुष्य विरळा. संहिता मात्र मागें राहिली. 1990 नंतर कापड, पादत्राणें, कॉफी, साखर अशा एकामागून एक धंद्यांनीं तिचा कित्ता गिरविला. उंसासाठीं बॉनसुक्रो नांवाची एक आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र देणारी संस्थाही निघाली.

मार्च 2024 मध्यें न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्रानें, फुलर प्रोजेक्ट या वृत्तसंस्थेच्या सहकार्यानें, महाराष्ट्राच्या साखरधंद्यावर सविस्तर लेख प्रसिद्ध केला. त्यांत बीडच्या स्त्रियांच्या शस्त्रक्रिया, बालविवाह, उचलीचें बंधन यांचें वर्णन असून, कोका-कोला व पेप्सिको या कंपन्यांचा या साखरेशीं संबंध दाखविलेला होता. दोन्ही कंपन्यांच्या संहितेंत वेठबिगारीस मनाई आहे. मग संहिता फडापर्यंत कां पोंचत नाहीं? याचें कारण तिच्या रचनेंतच शोधावें लागतें. तपासनीस येतो तो कारखान्यांत. तेथें यंत्रें, हजेरीपट, आग विझविण्याचीं साधनें, पगारी नोकरांचे करार हें सर्व पाहण्याजोगें असतें. उंसाची मोळी गव्हाणींत पडली, कीं तिच्यावरील हातांचा माग पुसला जातो. फड रोज बदलतो. कोपी आठ दिवसांनीं हलतात. उचलीची नोंद मुकादमाच्या वहींत असते, ती कोणी मागत नाहीं. आणि बायकोचें नांव तर त्या वहींतही बहुधा नसतें, कारण ती अर्धा कोयता. शिवाय लग्न झाल्यावांचून कोयता पुरा होत नाहीं, म्हणून पोरवयांत लग्नें उरकण्याकडे कल होतो, हें कोणत्या कलमाखालीं तपासावयाचें?

व्यापाऱ्यानें फक्त नफा पहावा, समाजाचें भलें सरकारनें पहावें, असें अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनीं 1970 सालीं प्रतिपादिलें होतें. त्यांच्या मतांत एक तथ्य निश्चित आहे: कंपनीच्या परोपकारानें सरकारचें कर्तव्य संपत नाहीं. महाराष्ट्र सरकारनें गोपीनाथ मुंडे यांच्या नांवानें ऊंसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापिलें. कारखान्यांनीं गाळपाच्या दर टनास 10 रुपये द्यावयाचे, व तितकीच भर सरकारनें घालावयाची, असें त्याच्या निधीचें मूळ ठरलें. मुलांना फडावर न नेतां गांवाकडेच शाळेंत ठेवतां यावें म्हणून संत भगवानबाबा यांच्या नांवानें वसतिगृहांची योजना निघाली. 2019 नंतर बीड जिल्ह्यांत गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेस सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याची परवानगी आवश्यक करण्यांत आली. ग्रामसेवकांमार्फत मजुरांची नोंद करून त्यांस ओळखपत्रें देण्याचें कामही निघालें. आणि त्या नोंदींत नवरा व बायको हीं दोन स्वतंत्र माणसें म्हणून लिहिलीं जावीं, ही ऊंसतोड स्त्रियांच्या संघटनांची मुख्य मागणी आहे.

इकडे साखरपट्ट्यांत तोडणीचीं यंत्रें येऊं लागलीं आहेत. त्यांच्या खरेदीस 2023 पासून सरकारी अनुदानही मिळूं लागलें. यंत्र उचल मागत नाहीं, खाडा करीत नाहीं, रात्रीं चालतें. आणि आचारसंहितेच्या तपासनीसाला त्याच्यापाशीं विचारण्याजोगें कांहीं नसतें. कारखान्यांना व कंपन्यांना यांत दोन्ही लाभ एकदम होतात. मात्र बालाघाटावरील कोरडवाहूला पाणी त्यामुळें मिळत नाहीं. ज्या घरांतील बाकी अद्याप फिटलेली नाहीं, अशा घरीं मुकादम याही पावसाळ्यांत वही घेऊन येतो, आणि त्याच्या पुढें चहा ठेवला जातो.